बांध कुणाच्या उशाशी?

भिवंडी म्हटले की यंत्रमागाचा खडखडाट आठवतो. तालुक्यातली भातखाचरे, पाडे आणि होळीपर्यंत कोरडे पडणारे ओढे सहसा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. अशाच एका ओढ्यावर, एका गावाच्या वरच्या अंगाला, मातीचा लहानसा बांध आहे. गावठाण उंचावर आहे. आमच्या लोकांची वस्ती बांधाच्या खाली, ओढ्याला लागून आहे. एका पावसाळ्यात वस्तीतली मुले माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, बांधाच्या पायथ्याला पाणी झिरपतंय. फुटेल का?" नुसता धीर देऊन या प्रश्नाचे उत्तर होत नाही. बांध पाहून आणि जाणकारांना विचारून मला जे समजले ते कार्यकर्त्यांसाठी इथे मांडतो.

बांध हवाच, हे आधी सांगतो. कोकणात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक खाडीला जातो. त्यातला थोडा अडला तर जमिनीत मुरतो, खालच्या विहिरी मे महिन्यापर्यंत तग धरतात, गुरांना पाणी मिळते, भातानंतर वाल किंवा भाजीपाला निघतो. घाटावर १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर असे कितीतरी पाझर तलाव उभे राहिले. त्यांची माती ज्या बायांनी आणि बाप्यांनी घमेल्यांतून वाहिली, त्यांतल्या पुष्कळांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. पाणी कुणाच्या शेतात गेले, हा प्रश्न आपण अनेकदा विचारला आहे. बांध कुणाच्या उशाशी आहे, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारलेला नाही.

मातीचा बांध म्हणजे मातीचा ढीग नव्हे. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो आणि तो जमिनीखाली खंदक खणून कठीण थरापर्यंत नेलेला असतो. दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण असते आणि पाण्याच्या बाजूला लाटांपासून राखण करणारे दगडी अस्तर असते. माती वीतभर जाडीच्या थरांनी, बेताचे पाणी मारून, रूळ फिरवून दाबावी लागते. इतके करूनही थोडे पाणी पाझरतेच. ते पायथ्याच्या चरातून निमूट बाहेर पडावे, अशी सोय केलेली असते. म्हणून मुलांना मी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की पाझर दिसला म्हणून घाबरू नका, पाण्याचा रंग पाहा. निवळ पाणी येत असेल तर बांध घाम गाळतो आहे. गढूळ येत असेल तर पाण्याबरोबर बांधाची माती वाहते आहे. आत नळीसारखी वाट तयार होते, तासागणिक रुंदावते आणि वरची माती खचते. अशा जागी चिखलाचा बोळा कोंबू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरी वाट फोडते. पाणी निघून जावे आणि माती मागे राहावी, यासाठी वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असे थर टाकतात. पण हे काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली करायचे असते. गढूळ पाझर दिसल्यावर वस्तीचे पहिले काम म्हणजे उंचावर जाणे.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ५ जून १९७६ रोजी टेटन हे मातीचे मोठे धरण असेच फुटले. सकाळी पाझर दिसला आणि दुपारी बाराच्या आत धरण गेले. उजेड होता, सूचना पोचली, त्यामुळे एवढ्या प्रचंड लोंढ्यातही मृतांची संख्या ११वर थांबली. आपल्या चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण त्यामानाने अगदीच लहान. ते २ जुलै २०१९च्या रात्री फुटले, भेंदवाडीतली घरे गेली आणि वीसच्या आसपास माणसे मेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर त्यावेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडले. खेकडे, उंदीर, झाडांची मुळे बांध पोखरतात हे खरेच आहे. म्हणूनच तर दर वर्षी पाहणी करायची असते, झुडपे काढायची असतात, बिळे बुजवायची असतात. पाहणीची नोंदवही काही खेकडा भरत नाही.

दुसरा धोका माथ्यावरून. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तरी तो टिकू शकतो. मातीच्या बांधावरून गेले तर तो कापला जातो. त्यासाठी कडेला सांडवा असतो आणि त्याच्या पातळीपासून माथ्यापर्यंतची उंची मोकळी ठेवलेली असते. आमच्या बांधाच्या सांडव्यात झुडपे माजली होती. शिवाय वरच्या काही शेतकऱ्यांनी त्यावर हातभर उंच वाळूची पोती रचली होती. त्यांतल्या एका वडीलधाऱ्याने मला ऐकवले, "गुरुजी, पाणी चढलं तर तुमच्या वस्तीची विहीरपण भरते ना?" भरते, हे मान्य. पण ते हातभर जास्तीचे पाणी त्यांच्या मोटारींना चार आठवडे पुरते आणि त्याच पाण्याची धास्ती वस्तीला सगळा पावसाळा पुरते. पोती रचायची की नाही, हे वस्तीला कुणी विचारले नव्हते. चवदार तळ्यावर आपल्याला पाण्यापाशी येऊ दिले जात नव्हते. इथे पाणीच आपल्या डोक्यावर आणून ठेवले आहे, आणि पाण्याबाबत बोलण्याचा हक्क अजून वरच्या आळीतच आहे.

कायद्याकडे पाहावे तर २०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर लागू होतो. आमचा बांध सहा मीटरही नाही. शंभर हेक्टरपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे असतात असे ऐकून विचारत गेलो, तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याचे नाव सांगितले आणि दुसऱ्याने ग्रामपंचायतीचे. फुटलेल्या पाण्याला मात्र उंचीची अट ठाऊक नसते. सहा मीटरमागचे पाणी ओढ्याकाठची घरे न्यायला पुरेसे आहे.

मुलांनी वही घातली आहे. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी दोघे जण दिवसाउजेडी जातात. पाण्याची पातळी, पाझराचा रंग, माथ्यावरची भेग किंवा खचलेली जागा तारखेसह लिहितात. त्या नोंदी जोडून आम्ही तीनही ठिकाणी अर्ज दिले आणि पोच घेतली. ग्रामसभेत दोन तास भांडून पोती उतरवली आणि सांडवा साफ केला. पाझर अजून निवळ आहे. पायथ्याचा चर बुजलेलाच आहे.