रँक त्यांची, हप्ता माझा!

शनिवारची रात्र. हिंजवडीतला फ्लॅट. रूममेट पिक्चरला गेलेला आणि मी लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडून बसलेलो. डावीकडे एमबीए कॉलेजांची नावं, उजवीकडे चार वेगवेगळ्या रँकिंगमधले नंबर. चौघांची सरासरी काढली, यादी लावली आणि स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. झालं! टेस्टिंगमधली चार वर्षं संपली, आता थेट मार्केटिंग!

सकाळी साताऱ्याला घरी फोन लावला. 'बाबा, दोन ठिकाणी ॲडमिशन मिळतेय. एकाची रँक ३२, दुसऱ्याची ५१. ३२ वाल्याची फी ९ लाखांनी जास्त आहे, पण रँक बघा ना!'

बाबा एसटीतून रिटायर झालेले. शांतपणे म्हणाले, 'एफडी मोडू, त्याचं काही नाही. पण मला सांग, हा नंबर दिला कुणी? आणि कशाचा?'

आपली बोलती बंद!

मार्क कशाचे?

खरंच, कशाचे? रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा मी, पण या नंबरांच्या आत कधी डोकावलोच नव्हतो. मग सुरुवात केली सरकारी यादीपासून, म्हणजे एनआयआरएफपासून. २०१६ पासून दरवर्षी निघणाऱ्या या यादीत मॅनेजमेंट कॉलेजला १०० पैकी मार्क मिळतात. शिकवणं आणि साधनसुविधांना ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालांना २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. मी ज्यासाठी जीव टाकत होतो तो पगार त्या २० मधल्या एका कोपऱ्यात! प्राध्यापकांचे शोधनिबंध महत्त्वाचे नाहीत असं नाही. पण मला दोन वर्षांत करिअरची गाडी बदलायची होती, पीएचडी करायची नव्हती.

मग परदेशी याद्या. लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ची यादी १९९९ पासून निघते. तिच्यात पगाराला मोठं वजन, तेही पास होऊन तीन वर्षं झालेल्यांच्या. पण त्यातला डॉलरमधला आकडा बघून हुरळून जाऊ नका. तो साध्या विनिमय दराने नाही, तर क्रयशक्तीच्या हिशोबाने काढलेला असतो. त्यामुळे रुपयातला पगार तिथे चांगलाच फुगलेला दिसतो. आणखी एक गंमत. आयआयएम अहमदाबादचा एक वर्षाचा कोर्स त्यांच्या एमबीएच्या यादीत असतो, तर दोन वर्षांचा प्रसिद्ध कोर्स 'मास्टर्स इन मॅनेजमेंट'च्या वेगळ्याच यादीत. कॉलेज तेच, यादी दुसरी. आपण बघतोय ती रँक आपल्याच कोर्सची आहे ना, हे आधी तपासायला हवं.

आणि आकडे खरे असतील तर! फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाच्या फॉक्स बिझनेस स्कूलचा ऑनलाइन एमबीए 'यूएस न्यूज'च्या यादीत २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं पहिला होता. पुढे उघड झालं की पाठवलेली माहितीच खोटी होती. माजी डीन मोशे पोराट यांना २०२१ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं आणि २०२२ मध्ये १४ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. पहिला नंबर बघून फी भरलेल्या पोरांचं काय झालं असेल?

सरासरीचा गुगली

कॉलेजच्या चकचकीत ब्रोशरवर मोठ्या अक्षरात असतं, 'सरासरी पॅकेज'. आता हिशोब करा. दहा पोरं. नऊ जणांना ८ लाख, एकाला ६८ लाख. सरासरी १४ लाख! वर्गात १४ लाख मिळालेला एकही नाही. म्हणून बघायचं ते मिडियन, म्हणजे ओळीने उभं केल्यावर मधोमध येणाऱ्याचा पगार. इथे तो ८ लाखच. आणि पॅकेजमध्ये जॉइनिंग बोनस किती, हातात न येणारा भाग किती, हेही विचारायचं.

गंमत म्हणजे हे मिडियन शोधायला फार खटपट लागत नाही. एनआयआरएफच्या यादीत प्रत्येक कॉलेजने दिलेली माहिती जाहीर केलेली असते. किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मिडियन पगार किती. रँकपेक्षा हा कागद जास्त बोलतो, बॉस!

मी माझी दोन्ही कॉलेजं समोरासमोर ठेवली. मिडियनमधला फरक वर्षाला जेमतेम दीड लाख. फीमधला फरक ९ लाख. टॅक्स आणि व्याज बाजूला ठेवलं तरी वसुलीला सहा वर्षं!

मग दोन्हीकडच्या तीन-तीन सीनियर्सना गाठलं. विचारलं एवढंच, 'तुमच्या बॅचमधले आयटीतून आलेले लोक कुठे लागले?' ३२ वाल्या कॉलेजचा एक जण हसून म्हणाला, 'परत आयटीत. फक्त टाय लावून.' ५१ वाल्याकडे मार्केटिंगला येणाऱ्या कंपन्या कमी होत्या, पण त्या आयटीवाल्यांनाही इंटरव्ह्यूला बोलवत होत्या. बस्स, मला हवं होतं ते हेच.

मग रँकिंग फेकून द्यायचं?

अजिबात नाही. शेकडो कॉलेजांतून पंधरा-वीस निवडायला ते झकास आहे. शिवाय बँकाही रँक बघतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं, पण कॉलेज तिच्या यादीत असावं लागतं आणि ती यादी एनआयआरएफवरूनच ठरते. म्हणजे टॉप १०० मध्ये असणं तुमच्या आईबाबांचं घर गहाण पडण्यापासून वाचवू शकतं. पण ३२ की ५१, हा फरक? तो यादी बनवणाऱ्याने वजनं थोडी इकडची तिकडे केली तरी बदलू शकतो.

मी ५१ वालं घेतलं. खोटं कशाला बोलू, ३२ वाल्याची सीट सोडताना पोटात गोळा आला होता. मित्रांनी तर वेड्यात काढलं. गेल्या वर्षी पास झालो, आता एका बिस्किट कंपनीच्या मार्केटिंगमध्ये आहे. पगार ब्रोशरमधल्या आकड्याच्या जवळपासही नाही. पण कर्जाचा हप्ता मी भरतो आणि बाबांची एफडी शाबूत आहे.

परवा जेवताना बाबांनी सहज विचारलं, 'काय रे, तुझ्या कॉलेजचा नंबर आता कितवा?'

'बघितलाच नाही,' मी म्हटलं. 'भाजी वाढा.'