आधी निदान पूर्वग्रहाचे

सप्टेंबर २००८. कॅनडातील विनिपेग शहरात एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात ब्रायन सिंक्लेअर हे ४५ वर्षांचे मूळनिवासी गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसून होते. मूत्रमार्गातील नळी तुंबल्याने एका दवाखान्याने चिठ्ठी देऊन त्यांना तेथे पाठविले होते. तब्बल ३४ तास त्यांना कोणी तपासले नाही. खुर्चीतच त्यांचा मृत्यू झाला. आजार मूत्राशयाच्या संसर्गाचा, म्हणजे उपचारांनी बरा होण्याजोगा होता. हा माणूस दारू पिऊन झोपला असावा किंवा निवाऱ्यासाठी आला असावा, असे काही कर्मचाऱ्यांनी गृहीत धरल्याचे चौकशीत पुढे आले.

औषध होते, डॉक्टर होते. नडला तो समज. त्यावरचा इलाज शिक्षणातच व्हावा, यासाठी कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ शिफारशींपैकी २४ वी शिफारस वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालयांना उद्देशून आहे. मूळनिवासींच्या आरोग्याचा अभ्यासक्रम प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा असावा आणि त्यात निवासी शाळांचा इतिहास, करार व हक्क, मूळनिवासींची शिकवण व प्रथा आणि वंशभेदविरोधी प्रशिक्षण असावे, असे ती सांगते. डॉक्टरला इतिहास कशाला, असे कोणी विचारील. दीड लाखांवर मुले कुटुंबांपासून तोडून या शाळांत ठेवली गेली. आजीने सरकारी व्यवस्थेचा हा अनुभव घेतलेला असेल, तर नात रुग्णालयाची पायरी उशिरा का चढते, हे नाडी पाहून कळत नाही.

नुसती माहिती मात्र उलटूही शकते. मधुमेह आणि व्यसनाधीनतेचे आकडे तेवढे पाठ केलेला विद्यार्थी जुनाच पूर्वग्रह शास्त्राच्या नावाने बाळगू लागतो. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी म्हणूनच 'सांस्कृतिक सुरक्षितते'ची कल्पना मांडली. परिचारिकेने परक्यांच्या चालीरीती घोकण्याऐवजी स्वतःचे संस्कार व हातातील सत्ता तपासावी. सेवा सुरक्षित होती की नाही, हे रुग्णाने ठरवावे. तेथील परिचर्या परिषदेने १९९२ मध्ये ही कल्पना शिक्षणात आणली, तेव्हा टीकाही पुष्कळ झाली. उत्तर ऑन्टारिओत २००५ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना चार आठवडे मूळनिवासी वस्तीत राहावयास पाठविण्याची पद्धत घातली.

तरीही सप्टेंबर २०२० मध्ये क्वेबेकमध्ये जॉयस एशाक्वान या ३७ वर्षांच्या मातेने मृत्यूपूर्वी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची अपमानकारक वक्तव्ये मोबाइलवर टिपली. वंशभेदाचा या मृत्यूस हातभार लागल्याचे चौकशी अधिकाऱ्यांनी २०२१ मध्ये नमूद केले. हे कर्मचारी विद्यार्थी नव्हते, सेवेतील होते. आणि विद्यार्थी वॉर्डात शिकतो तो अशा वरिष्ठांकडे पाहूनच. सेवेतील सर्वांनाच प्रशिक्षण द्यावे, असा आग्रह आयोगाच्या २३ व्या शिफारशीत आहे.