तुसाची राख आणि काँक्रीट

भंडारा-गोंदियाच्या परिसरात धानगिरण्यांमागे तुसाचे ढीग साचतात. १०० किलो धानामागे सुमारे २० किलो तूस निघते आणि ते जाळल्यावर सुमारे ४ किलो राख उरते. नियंत्रित रीतीने तूस जाळल्यास या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की चुन्याचे एक संयुग सुटे होते. बळकटीस त्याचा फारसा उपयोग नसतो. सिलिका मात्र त्याच्याशी संयोग पावून नवा बंधक पदार्थ निर्माण करते व काँक्रीट अधिक घट्ट होते. चुन्यात सुरखी मिसळणारे जुने गवंडी हेच साधत असत.

तथापि सर्वच राख सारखी नव्हे. सुमारे ७०० अंश सेल्सियसच्या आत तूस जाळल्यास सिलिका क्रियाशील राहते. तापमान फार वाढल्यास तिचे स्फटिक बनतात आणि गुण ओसरतो. उघड्यावर धुमसलेल्या ढिगात अर्धवट जळालेला कोळसाही राहतो व तो पाणी शोषतो. अशी काळी राख परस्पर सिमेंटमध्ये मिसळणे ही काटकसर नव्हे, भेसळच होय. आणि ती शाळेच्या छतात असेल तर तिची किंमत मुलांना मोजावी लागेल.

योग्य राख बारीक दळून साधारणपणे १० ते १५ टक्के सिमेंटच्या जागी वापरता येते. 'भारतीय मानक ४५६ : २०००' या संहितेने तिला वाव दिला आहे, परंतु गुणवत्तेतील सातत्य व सक्षम अधिकाऱ्याची मान्यता या अटींवर. पंचायतीच्या कामासाठी अशी राख सुचविली गेल्यास प्रयोगशाळेचा अहवाल आणि नमुना ठोकळ्यांच्या २८ दिवसांच्या चाचणीचे आकडे आधी मागून घ्यावेत.