उच्च-विभेदन संगीत : मूल्य आणि श्रवणमर्यादा

गोंदिया जिल्ह्यातील रसिकाने आंतरजालावरील ‘हाय-रेझोल्यूशन’ संगीतासाठी अधिक वर्गणी द्यावी काय, हा प्रश्न रुचीचा भासला तरी मूलतः ध्वनिशास्त्राचा आहे. कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रतिसेकंद ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, असतात. नमुनासंख्येच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे २२,०५० पर्यंतची कंपनसंख्या त्यांतून पुनरुत्पादित होते. मानवी कर्णाची मर्यादा सुमारे २०,००० असून वयोमानाने ती घटते. ९६,००० नमुने व २४ बिट घेतल्यास माहितीचा भार तिपटीहून अधिक होतो, श्राव्य अंश मात्र त्या मानाने वाढत नाही. मेयर व मोरान यांच्या २००७ मधील प्रयोगात ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीचे फल याहून निराळे नसते. राइस यांच्या २०१६ च्या एकत्रित परीक्षणात किंचित भेद आढळला, तो मुख्यतः प्रशिक्षित श्रोत्यांत. शिवाय अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत जे उच्च स्वरांश मुळातच उमटले नाहीत, ते कोणत्याही विभेदनाने निर्माण होत नाहीत. झाडीपट्टीतील दंडारीचे ध्वनिमुद्रण करताना मात्र २४ बिट उपकारक ठरतात. कारण हळू गायन व ढोलकीचा आघात दोन्ही त्यांत निर्धास्तपणे सामावतात. तात्पर्य, ही संपन्नता मुद्रणकर्त्याच्या गरजेची आहे; श्रोत्याने तेच द्रव्य उत्तम कर्णध्वनीयंत्रावर खर्चणे अधिक युक्त होय.