कारध्याचा गाळ आणि समुद्राचा तळ

भंडारा शहराहून साकोलीकडे जाताना वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा हे गाव लागते. पावसाळ्यात या पुलाजवळ नदीच्या पाण्याची पातळी मोजली जाते व ती 245.50 मीटरला पोहोचली म्हणजे धोक्याची समजली जाते. हा आकडा येथील मुलांच्या कानांवरून अनेकदा गेलेला असतो. परंतु तो कोठून मोजलेला आहे, याचा विचार सहसा केला जात नाही. तो नदीच्या तळापासून मोजलेला नसून समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेला असतो. समुद्र कधी न पाहिलेल्या या गावाचे समुद्राशी नाते आहे, हे त्या एका आकड्यातच सांगितलेले आहे. कारध्यावरून वाहणारे पाणी तेवढी उंची उतरून अखेर समुद्रास मिळते आणि जाताना एकटे जात नाही. शेतांची व रानांची माती ते बरोबर नेते. या मातीस आपण गाळ म्हणतो. हा गाळ समुद्रात गेल्यावर त्याचे काय होते आणि शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास कसा करतात, याची माहिती शिक्षकांस भूगोल व सामान्य विज्ञान या दोन्ही विषयांच्या अध्यापनात उपयोगी पडेल.

गाळाचा प्रवास

वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते. बालाघाटावरून ती आपल्या भागात येते आणि पुढे पवनी, ब्रह्मपुरी या बाजूने दक्षिणेस जाते. गडचिरोली जिल्ह्यात तिला वर्धा नदी मिळते व दोघींच्या संगमापासून तिचे नाव प्राणहिता होते. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत मिसळते. गोदावरी पुढे राजमहेंद्रीवरून जाऊन अनेक मुखांनी बंगालच्या उपसागरास मिळते. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आणि आपली वैनगंगा या दोघींचा गाळ अशा रीतीने एकाच ठिकाणी जाऊन पडतो.

गाळाचे सर्व कण सारख्या आकाराचे नसतात. नदीच्या पाण्याचे नमुने तपासताना आपल्या देशातील जलमापन केंद्रांवर त्यांचे तीन वर्ग करतात. 0.2 मिलिमीटरहून मोठे कण ते जाड, 0.075 ते 0.2 मिलिमीटरचे ते मध्यम आणि त्याहून लहान ते बारीक. प्रवाहातून ठराविक खोलीवर बाटलीने पाणी काढावयाचे, ते गाळून व वाळवून मागे राहिलेल्या मातीचे वजन करावयाचे, आणि एका सेकंदात किती पाणी वाहून जाते त्या मानाने हिशेब करावयाचा. म्हणजे त्या दिवशी नदीने किती माती नेली ते कळते. कामाची रीत साधी आहे, परंतु ती वर्षानुवर्षे अखंड चालवावी लागते.

कण जितका लहान तितका तो सावकाश बसतो. दहा सेंटिमीटर खोल स्थिर पाण्यात 0.1 मिलिमीटरचा कण दहा-बारा सेकंदांत तळाशी जातो. 0.01 मिलिमीटरच्या कणास सुमारे वीस मिनिटे लागतात. 0.002 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणास तेवढेच अंतर उतरण्यास आठ तास लागतात. म्हणून वाळू नदीच्या पात्रातच राहते आणि बारीक माती पाण्याबरोबर समुद्रापर्यंत जाऊ शकते.

समुद्राशी पोहोचल्यावर मात्र या बारीक मातीची गती बदलते. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली अथवा घागरीस निवळीची बी घासून लावली, तर मातीचे कण एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात व पाणी निवळते, हे आपल्या घरांत पूर्वापार माहीत आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात व ते काहीसे तुरटीसारखेच काम करतात. गोड्या पाण्यात तरंगत आलेली माती खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच पुंजके होऊन खाली बसू लागते. नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश तयार होतो, त्याचे हे एक कारण आहे. उरलेला बारीक गाळ आणखी पुढे खोल समुद्रात जाऊन थरावर थर बसतो.

तळाचे थर कसे वाचतात

समुद्राचा तळ डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून प्रथम त्याची खोली काढावी लागते. जहाजावरून ध्वनी सोडतात व त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजतात. समुद्राच्या पाण्यात ध्वनी एका सेकंदास सुमारे 1,500 मीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला तर तळ 1,500 मीटर खाली आहे, कारण ध्वनीला जाऊन परत यावयाचे असते. सातवीच्या मुलांस हे गणित तोंडी सोडविता येईल.

नंतर गाळ वर काढावयाचा. वरवरचा गाळ हवा असेल तर उघडझाप करणारा लोखंडी जबडा दोराने खाली सोडतात. जुने थर हवे असतील तर लांब नळी तळात रोवून बाहेर काढतात. तिच्यात गाळाचा स्तंभ जसाच्या तसा येतो. प्रयोगशाळेत तो उभा चिरून त्याचे पातळ काप करतात. सर्वांत खालचा काप सर्वांत जुना असतो.

कापाचे वय निरनिराळ्या रीतींनी काढतात. अलीकडच्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसे-210 हे किरणोत्सारी द्रव्य उपयोगी पडते. ते सुमारे 22 वर्षांनी निम्मे होते. त्याहून जुन्या थरांसाठी कार्बन-14 मोजतात. त्यास निम्मे होण्यास सुमारे 5,730 वर्षे लागतात. समुद्रात राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची चुनखडीची कवचे गाळात सापडतात व त्यांतील कार्बनावरून थराचे वय ठरविता येते.

2006 साली भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमात गोदावरीच्या मुखासमोर सुमारे 1,270 मीटर खोल पाण्याखालून असा एक स्तंभ काढण्यात आला. त्याच्या वरच्या सुमारे साडेआठ मीटरांत गेल्या अकरा हजार वर्षांचा गाळ साठलेला आढळला. त्यावरील संशोधन 2012 व 2017 साली प्रसिद्ध झाले. त्या संशोधकांनी या गाळास दोन महत्त्वाचे प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न असा की, माती ज्या भूमीवरून आली तेथे कोणती वनस्पती होती? अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानावर मेणासारखा थर असतो. पान कुजले तरी हे मेण दीर्घकाळ टिकते व मातीबरोबर समुद्रात जाते. बहुतेक वृक्ष व भात यांच्या मेणातील कार्बनाचे प्रमाण एका तऱ्हेचे असते. ज्वारी, मका आणि कोरड्या माळावरील कित्येक गवते यांच्या मेणात ते निराळे असते. त्यावरून असे दिसून आले की, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी व पुन्हा सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या खोऱ्यात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढल्या. पावसाचे मान कमी झाल्याची ही खूण होय.

दुसरा प्रश्न असा की, माती कोठली? दख्खनचा काळा पाषाण आणि पूर्वेकडील आपल्या बाजूचे त्याहून कितीतरी प्राचीन खडक यांतील निओडिमियम या मूलद्रव्याच्या प्रकारांचे प्रमाण सारखे नसते. या खुणेवरून गाळात कोणत्या प्रदेशाची माती अधिक, हे ओळखता येते.

या दोन्ही उत्तरांचा मेळ घालून जो निष्कर्ष निघाला तो शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाऊस कमी झाला तेव्हा समुद्रात माती कमी जावयास हवी होती, असे कोणासही वाटेल. घडले ते उलट. पावसाचे मान घटल्याने भूमीवरील हिरवे आच्छादन विरळ झाले, आणि उघड्या जमिनीवर पडलेल्या सरींनी पूर्वीपेक्षा अधिक माती वाहून नेली. पुढे दख्खनमध्ये शेती आली, आणि लोहयुगात ती पसरली तेव्हा ही धूप आणखी वाढली. विदर्भात माहुरझरी, नायकुंड इत्यादी ठिकाणी लोहयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. त्या युगातील शेतीची एक खूण शेकडो मैल दूर समुद्राच्या तळाशीही उरली आहे, असे म्हणता येईल.

गाळ आणि प्रवाळ

समुद्रात इतिहास नोंदविणारा आणखी एक साक्षीदार आहे, तो म्हणजे प्रवाळ. पोवळ्यांचे मणी सर्वांस माहीत असतात. प्रवाळ हा सूक्ष्म प्राण्यांचा समूह असून तो चुनखडीचे घर बांधीत जातो. खडक बांधणाऱ्या प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वास करते व त्यास अन्न तयार करण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो. म्हणून उथळ, उबदार व निर्मळ पाण्यात प्रवाळखडक वाढतात. गढूळ पाण्यात प्रकाश पोहोचत नाही व वर बसलेल्या गाळाखाली हे प्राणी गुदमरतात. गोदावरीच्या मुखाशी ते नाहीत आणि जेथे एकही मोठी नदी नाही त्या लक्षद्वीपात ते विपुल आहेत, याचा उलगडा यावरून होतो. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आहेत; तेथील सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. त्यावरही प्रवाळ आढळतात.

प्रवाळांची पाहणी करणारे शास्त्रज्ञ पाण्यात उतरून तळावर मोजपट्टी अंथरतात आणि तिच्याखाली किती भागांत जिवंत प्रवाळ, किती भागांत मृत प्रवाळ, किती भागांत वाळू व शैवाल आहे, हे नोंदवितात. दर वर्षी त्याच जागी हीच नोंद केली म्हणजे खडक सुधारतो की खालावतो ते कळते. मोठ्या गोलसर प्रवाळांत वृक्षाच्या वलयांप्रमाणे वार्षिक पट्टे असतात. पातळ काप करून क्ष-किरणांनी ते पाहतात. नदीच्या गाळाबरोबर येणारे बेरियम या पट्ट्यांत उतरते. ऑस्ट्रेलियात बर्डेकिन नदीच्या समोरील प्रवाळांत 1870 च्या सुमारापासून बेरियम वाढलेले आढळले. त्या खोऱ्यात युरोपीय वसाहतवाल्यांची गुरे चरू लागल्यावर माती सुटली, ही गोष्ट प्रवाळांनी अशा रीतीने नोंदवून ठेवली. बंगालच्या उपसागराचा गाळ व ऑस्ट्रेलियाचे प्रवाळ यांची साक्ष येथे एकच आहे.

गाळ कमी झाला तर

यावरून समुद्रात गाळ मुळीच जाऊ नये, असा समज होण्याचा संभव आहे. तोही बरोबर नाही. त्रिभुज प्रदेश नदीच्या गाळावरच उभा असतो. लाटा त्यास सतत खात असतात व नदी ती तूट भरून काढीत असते. नद्यांवर धरणे झाली म्हणजे पाणी थबकते व गाळ तेथेच बसतो. आपल्या जिल्ह्यात गोसीखुर्द येथील धरणाचे भूमिपूजन 1988 साली झाले. गोदावरीच्या खोऱ्यात अशी लहानमोठी धरणे पुष्कळ आहेत. आंध्र विद्यापीठातील हेमा मालिनी व नागेश्वर राव यांनी 2004 साली दाखवून दिले की, 1970 च्या दशकात गोदावरी वर्षास सुमारे 15 कोटी टन गाळ त्रिभुज प्रदेशाकडे आणीत असे, तो 1990 च्या दशकात पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. 1976 ते 2001 या काळात तेथील किनाऱ्याची सुमारे 18 चौरस किलोमीटर भूमी समुद्राने घेतली. धरणांचे पाणी शेतीस हवेच आहे. म्हणून पाणी अडविताना गाळाचाही हिशेब ठेवणे हे आता शास्त्रज्ञ व अभियंते या दोघांचे काम झाले आहे.

आपल्याकडे या हिशेबाची जुनी समज आहे. भंडाऱ्याच्या तलावांतील व बोड्यांतील गाळ उन्हाळ्यात काढून बांध्यांत टाकण्याची रीत त्या समजेतूनच आली. धानाच्या बांधीचा धुरा पाण्याबरोबर माती अडवितो. धुरा फुटला की शेताची माती वैनगंगेच्या वाटेस लागते.

शाळेत करावयाचे प्रयोग

पुराच्या दिवसांत मुलांस नदीकाठी नेऊ नये. पुढील प्रयोगांसाठी लागणारा गाळ शिक्षकांनी उन्हाळ्यात पात्र कोरडे असताना आणून ठेवावा.

पहिला प्रयोग: उंच काचेच्या बरणीत गाळ व पाणी घालून ढवळावे आणि कोणता थर केव्हा बसतो, हे मुलांनी घड्याळ लावून लिहावे.

दुसरा प्रयोग: वरचे गढूळ पाणी दोन पेल्यांत सारखे घ्यावे. एकात दीड लहान चमचा मीठ विरघळवावे. काही तासांनी कोणता पेला आधी निवळतो ते पाहावे.

तिसरा प्रयोग: दोन पत्र्याच्या परातींत माती भरून त्या सारख्या तिरक्या ठेवाव्यात. एकीत हरळीचा थर बसवावा, दुसरी उघडी ठेवावी. दोहोंवर झारीने एक-एक तांब्या पाणी सोडून ओघळलेले पाणी निरनिराळ्या भांड्यांत धरावे व निवळल्यावर खाली बसलेली माती वाळवून तोलावी. दोन्ही वजने फळ्यावर मांडून समुद्रतळाच्या स्तंभाची हकीकत मुलांस त्यानंतर सांगावी. उघड्या परातीतून किती माती गेली हे त्यांनी स्वतः तोलून पाहिलेले असल्यामुळे, चार हजार वर्षांपूर्वी काय घडले असेल ते त्यांस समजावून द्यावे लागणार नाही. आणि घरच्या बांधीचा धुरा पावसाळ्यापूर्वी का दुरुस्त करावयाचा, हेही ती घरी जाऊन सांगतील.