चाळीस लिटरांचा जाळ
लेखमाला : चूल आणि अंगण – लेखांक ६

मागच्या लेखांकात कोल्हापूरकडचं चुलवाण पाहिलं. उसाच्या रसात मुळातच भरपूर साखर, त्यामुळे चिपाडाच्या जाळावर दोन-तीन तासांत काहील उतरते आणि गुळव्या पुढच्या रसाच्या तयारीला लागतो. आजची चूल आहे बर्फात. अमेरिकेच्या ईशान्येकडची व्हरमाँट, न्यू हॅम्पशर, न्यू यॉर्क ही राज्यं आणि कॅनडाचा क्वेबेक प्रांत हा मेपल वृक्षाचा मुलूख. फेब्रुवारी सरत आला, रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर जाऊ लागला की मेपलच्या खोडात रस हलू लागतो. जगातल्या मेपल सिरपपैकी सुमारे ७० टक्के क्वेबेकमधून येतं, आणि ते बहुतेक मोठ्या यंत्रांवर तयार होतं. पण घरामागे आठ-दहा झाडं असलेली कितीतरी कुटुंबंही या दिवसांत खोडांना तोट्या ठोकतात, बादल्या टांगतात आणि सुटीच्या दिवशी परसात जाळ करतात. आजचा लेख त्यांच्या चुलीविषयी आहे.

मेपलच्या ताज्या रसात साखर जेमतेम दोन टक्के. चाखला तर गोडाची नुसती चाहूल लागते. सिरप व्हायचं तर ती ६६-६७ टक्क्यांवर न्यावी लागते. तिथले लोक एक सोपा हिशेब करतात : ८६ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं, जे उत्तर येईल तितके लिटर रस, एका लिटर सिरपसाठी. दोन टक्क्यांना त्रेचाळीस येतात, बोलताना सगळे चाळीसच म्हणतात. बाकीचं सगळं पाणी वाफ करून हवेत सोडायचं. सपाट तळाच्या भांड्यातून, खाली जाळ उत्तम असेल तर, एका चौरस फुटामागे तासाला तीन-चार लिटर पाणी उडतं. हौशी माणसाची भांडी लहान, चूल उघडी आणि वारा चौफेर. त्यामुळे सकाळी पेटवलेली चूल रात्र पडली तरी जळतच असते. रस थंड ठेवला तर काही दिवस टिकतो, पण ऊब चढली की दुधासारखा नासतो, म्हणून उरलेलं काम फार पुढे ढकलता येत नाही.

या आगीतली सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे हे तास. पहिल्या तासाला माणूस सावध असतो, पाण्याचा पाइप जवळ असतो, मुलांना लांब उभं केलेलं असतं. दहाव्या तासाला तोच माणूस धुराने डोळे चुरचुरत, थंडीने आखडून गेलेला असतो आणि पाच मिनिटं म्हणून घरात जातो. उकळी टिकवायला दर आठ-दहा मिनिटांनी लाकूड घालावं लागतं. तेवढ्या वेळात वारा फिरायला काहीच लागत नाही.

दुसरी गोष्ट बदलते ती जमीन, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. हंगामाच्या सुरुवातीला चुलीभोवती गुडघाभर बर्फ असतो. उडालेली ठिणगी चर्र करून विझते. मार्चअखेर त्याच जागी बर्फ वितळून खालचं गेल्या वर्षीचं गवत उघडं पडतं : तपकिरी, मेलेलं, दोन दिवसांच्या वाऱ्याने कुरकुरीत झालेलं. झाडांना अजून पालवी नसते, त्यामुळे ऊन आणि वारा थेट जमिनीपर्यंत पोचतात. कोकणात किंवा सह्याद्रीच्या उतारावर फाल्गुन-चैत्रात गवत जसं ठिणगीची वाट पाहत असतं, तशीच ही अवस्था. फरक इतकाच की इथे शेजारच्या सावलीत अजून बर्फाचा ढीग दिसत असतो. तो ढीग माणसाला गाफील करतो. चूल तीच, हात तेच, पण पहिल्या आठवड्यात जे चालून गेलं ते पाचव्या आठवड्यात चालत नाही.

म्हणून तिथले कायदे बर्फाकडे बघून केलेले आहेत. न्यू हॅम्पशरमध्ये जमीन पूर्ण बर्फाखाली नसेल तर उघड्यावर आग पेटवायला परवाना लागतो. व्हरमाँटमध्ये प्रत्येक गावाला वणव्यांची जबाबदारी असलेला अधिकारी असतो आणि परवानगी त्याच्याकडून घ्यायची असते. न्यू यॉर्क राज्यात २००९पासून दरवर्षी १६ मार्च ते १४ मे या काळात झाडोरा जाळायला सरसकट बंदी आहे. तीन फुटांपेक्षा कमी उंच आणि चार फुटांपेक्षा कमी रुंद अशा लहान शेकोटीला किंवा स्वयंपाकाच्या आगीला मुभा मिळते, तीही कोरड्या, साध्या लाकडाची असेल आणि कुणीतरी सतत जवळ बसलेलं असेल तर. तारखा पाहा : ही बंदी नेमकी रस उकळण्याच्या हंगामातच सुरू होते.

परसातल्या या चुली असतात तरी कशा? पुष्कळांची चूल म्हणजे सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांच्या दोन भिंती आणि वर स्टीलची भांडी. काही जण फायलींचं जुनं लोखंडी कपाट पाठीवर आडवं करतात, कप्पे काढून पोटात जाळ घालतात, वरच्या पत्र्याला भोकं पाडून त्यात भांडी बसवतात आणि टोकाला धुराडं जोडतात. कल्पना झकास आहे आणि रस त्यावर खरोखर उकळतो. मात्र तो पत्रा पातळ असतो, मोठ्या जाळाने लाल होतो, आणि त्याला टेकवून वाळत ठेवलेलं लाकूड आपोआप पेट घेऊ शकतं. आखूड धुराड्यातून ठिणग्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर बाहेर पडतात. तोंडाशी लोखंडी जाळी बसवली तर बऱ्याचशा तिथेच अडतात.

ठोकळ्यांच्या चुलीची खोड वेगळी. गोठलेली जमीन दगडासारखी घट्ट लागते म्हणून ठोकळे थेट तिच्यावर रचले जातात. दुपारपर्यंत जाळाच्या उबेने खालची माती सुटते, एक ठोकळा दोन बोटं खचतो, आणि भांडं एका कोपऱ्याकडे कलतं. वरून पाहणाऱ्याला सगळीकडे फेसच फेस दिसतो. वर गेलेल्या कोपऱ्यात मात्र रस बोटाच्या पेराइतकाही उरलेला नसतो. तिथली साखर आधी तपकिरी होते, मग काळी, मग कडवट धूर येतो आणि पुढच्या क्षणी भांड्यातच ज्वाळा उठते. काहील लागली की गुऱ्हाळात जी धावपळ उडते ती आठवावी. अशा वेळी आधी खालची लाकडं ओढून काढायची आणि मग बाजूला उभं राहून बेताबेताने रस घालायचा. एकदम ओतला तर वाफेचा भडका थेट तोंडावर येतो.

फेस उतू जाऊन विस्तवात पडू नये म्हणून लोण्याचा किंवा सायीचा एखादा थेंब सोडतात आणि उकळी क्षणात बसते. आपल्याकडे काहिलीत तेलाचे थेंब सोडतात ते याच कारणासाठी. हजारो मैलांवरच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना फेसावर हाच उपाय सापडावा, याचं अप्रूप वाटतं.

आता अंतर. अमेरिकेतली राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्था शेकोटीसाठी कोणत्याही पेटाऊ वस्तूपासून २५ फूट अंतर सांगते. तिकडच्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर विनाइलच्या पट्ट्या असतात आणि त्या ७०-७५ अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागतात. ज्वाळा भिंतीला लागावी लागत नाही, नुसती धग पुरते. शिवाय छपराच्या पन्हळीत शरद ऋतूतला पाचोळा कोरडा पडलेला असतो. वाऱ्यापासून आडोसा म्हणून चूल भिंतीजवळ, गॅरेजच्या दारात किंवा लाकडी ओट्यावर मांडण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. गॅरेजमध्ये तर आगीच्या जोडीला बिनवासाच्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचीही भीती असते.

तास कमी करण्याची एक जुनी युक्ती मात्र कुणालाही जमेल. रात्री बादलीत रस गोठला की वर जमलेला बर्फ बहुतांशी पाण्याचाच असतो, साखर खालच्या द्रवात राहते. सकाळी तो बर्फ काढून टाकला की तेवढं पाणी उकळायचंच राहत नाही. युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून मेपलची साखर करणाऱ्या इथल्या मूलनिवासींनाही ही रीत ठाऊक होती.

शेवटचे एक-दोन लिटर बहुतेक लोक घरात गॅसवर आटवतात. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या चार अंश वर गेलं की सिरप झालं. पळीच्या कडेवरून थेंब न गळता पातळ पडदा सुटतो, तेव्हा सेकंदांचा खेळ असतो. तेवढ्यात दाराची घंटा वाजली तरी गॅस बंद करूनच जायचं.

सगळे घरात गेले, बाटल्या भरल्या गेल्या, की बाहेर राख उरते. ती वरून करडी आणि थंड दिसते, पण पोटात निखारे कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. खोक्यात किंवा कागदी पिशवीत भरून ओट्यावर ठेवलेली अशी राख मध्यरात्री घर पेटवू शकते. तिला घट्ट झाकणाची पत्र्याची बादली लागते, घरापासून निदान दहा फूट लांब, उघड्या जमिनीवर. त्याआधी तिच्यावर पाणी ओतून, काठीने ढवळून, हाताची मागची बाजू वर धरून पाहायची. ऊब लागली तर पुन्हा पाणी, पुन्हा काठी.

(पुढील आठवड्यात : बंगालमधला खजुराचा रस आणि पहाटेची चूल)