तारा निघाल्या, आता रिटेनर सांभाळा

15 मे 2022 रोजी गुरुग्राममध्ये पारा 48.1 अंशांवर गेला. 1966 नंतर तिथे एवढे तापमान नोंदले गेले नव्हते. अशा दुपारी सायबर सिटीत उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 ते 80 अंशांपर्यंत तापू शकतो. त्यावर रिटेनरची, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाची, डबी विसरली असेल, तर दीड-दोन वर्षे तारा सोसून सरळ केलेले दात धोक्यात आले असे समजावे. पारदर्शक रिटेनरसाठी वापरले जाणारे पीईटीजी हे प्लास्टिक साधारण 80 अंशांना मऊ पडते. मऊ झालेला रिटेनर वरून तसाच दिसतो, पण दातांवर नीट बसत नाही. कधी बसतोही, आणि मग भलत्याच दिशेने दाब देतो.

तारा काढल्यावर पुन्हा ही कटकट कशाला, असे अनेक पालक विचारतात. उत्तर हिरडीत दडलेले आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरहूनही पातळ असा तंतूंचा थर असतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात सरकतो. तंतूंना मात्र नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो. नॉर्वेचे संशोधक कोरे राइटान यांनी कुत्र्यांचे वळलेले दात सरळ करून पाहिले. 232 दिवसांनंतरही हिरडीतले काही तंतू ताणलेलेच होते, दाताला मागे ओढायला तयार. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेले 65 रुग्ण रिटेनर थांबल्यानंतर दहा वर्षांनी पुन्हा तपासले. 1981 साली त्यांनी निष्कर्ष मांडले: सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात समाधानकारक राहिले नव्हते.

यात अक्कलदाढेवर खापर फोडण्याची पद्धत जुनी आहे. पण अक्कलदाढ ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात, याला भक्कम पुरावा नाही. वय वाढते तसा खालचा जबडा पुढच्या बाजूला थोडा आक्रसतो, आणि ज्यांनी आयुष्यात तारा लावल्याच नाहीत त्यांचेही दात त्यामुळे दाटीवाटीने बसू लागतात.

रिटेनरचे मुख्य प्रकार तीन. सर्वात जुना हॉली रिटेनर, अमेरिकेचे चार्ल्स हॉली यांच्या नावाचा: टाळूला चिकटून बसणारी ॲक्रिलिकची पट्टी आणि दातांपुढून जाणारी तार. सुरुवातीला ‘स’ आणि ‘श’ उच्चारताना जीभ अडखळते, काही दिवसांत ते सुटते. तार दिसते म्हणून तरुणांना तो आवडत नाही, तरी तो दणकट असतो आणि गरजेनुसार घट्ट-सैल करता येतो. दुसरा पारदर्शक, दातांच्या साच्यावर गरम प्लास्टिकचा पत्रा ओढून बनवलेला. तो दिसत नाही, पण झिजतो, तडकतो. तिसरा पक्का: एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत दातांच्या मागे चिकटवलेली बारीक पिळाची तार. घालायला विसरण्याचा प्रश्नच नाही, ही त्याची मोठी सोय.

मात्र याच तिसऱ्या प्रकाराला सर्वात जास्त लक्ष लागते. खालच्या पुढच्या दातांमागे लाळग्रंथींची तोंडे उघडतात. लाळेतले क्षार तिथे साचून किटण धरते, आणि तारेमुळे ब्रश पुरेसा पोचत नाही. म्हणून तारेखालून दोरा ओवून किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश वापरून रोज सफाई करावी लागते. चिक्की, ऊस, सुपारी यांनी एखाद्या दातावरचा चिकटवलेला ठिपका निघू शकतो. तो निघाल्याचे कळतही नाही. दात मात्र हळूहळू फिरू लागतो. जिभेला तार हलल्यासारखी वाटली, तरी दंतवैद्य गाठावा.

काढता येणाऱ्या रिटेनरचे शत्रू निराळे. उकळते पाणी वर्ज्य. टूथपेस्टही नको, कारण तिच्यातले खरखरीत कण प्लास्टिकवर बारीक ओरखडे पाडतात आणि त्यांत जंतू घर करतात. मऊ ब्रश, साधे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. रिटेनर तोंडात ठेवून चहा पिऊ नये: चहाचा डाग पडतोच, शिवाय गोड चहा दातांवर अडकून राहतो. हळदीचा पिवळेपणाही सहज जात नाही. गुरुग्रामच्या अनेक सोसायट्यांत बोअरवेलचे जड पाणी येते. त्याचा पांढरा थर बसला तर पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून धुवावा. हॉटेलात रिटेनर कागदी रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवण्याची सवय सर्वात महागात पडते, कारण वेटर ताटांबरोबर तोही उचलून नेतो. पाळीव कुत्र्यांनाही त्याचा वास फार आवडतो.

किती काळ घालायचा, याचे एकच उत्तर नाही. 2023 मध्ये कॉक्रेन संस्थेने 47 अभ्यास एकत्र तपासले, तरी कोणता रिटेनर सर्वात चांगला हे ठामपणे सांगता आले नाही. बरेच तज्ज्ञ सुरुवातीचे काही महिने पूर्णवेळ आणि नंतर वर्षानुवर्षे रात्री घालायला सांगतात. रात्री घातलेला रिटेनर अचानक घट्ट वाटला, तर दात सरकू लागले आहेत असे समजावे.

पुण्या-नागपूरला तारा लावून नोकरीसाठी गुरुग्रामला गेलेल्यांची एक अडचण वेगळीच आहे: त्यांचा ऑर्थोडॉन्टिस्ट गावी राहतो. उपचार संपताना त्याच्याकडून दातांच्या डिजिटल स्कॅनची फाइल मागून घ्यावी. रिटेनर हरवला आणि दात अजून सरकले नसले, तर त्या फाइलवरून नवा साचा गुरुग्राममध्येच छापता येतो. मात्र उशीर करू नये, कारण आठवडे गेले तर जुना स्कॅन उपयोगाचा राहत नाही आणि दात पुन्हा मोजावे लागतात.